मुकं आणि अस्सल

बाजारात तिला सगळे नाकवाली मावशी म्हणत, आणि खरं सांगायचं तर तिला ते नाव आवडायचं. वरवर ती रागवायची, "नाक काय एकटं मलाच दिलंय का देवाने?" म्हणायची, पण मनातून खूश. कुठल्या मुळीवरून दोन दुकानदारांची जुंपली की भांडण तिच्यापुढे यायचं. ती मुळी कडकन मोडायची, मोडलेलं टोक नाकाशी धरायची, डोळे मिटायची आणि निकाल द्यायची. पुढे कोणी तोंड उघडत नसे.

तीस वर्षं ती दलदलीतलं वेखंड काढत होती. पाणी ओसरलं की गुडघाभर चिखलात उतरायचं, बोटांनी चाचपत मुळी सोडवायची, धुवायची, पानं छाटायची आणि माळ्यावर पसरायची. काम कष्टाचं, पण त्यातली खरी डोकेदुखी वेगळीच. त्याच पाण्यात, अगदी वेखंडाला खेटून, तसंच लांब पातीचं दुसरं एक झाड वाढतं. फूल पिवळं, दिसायला मोठं देखणं. मुळी मात्र महाबिलंदर. पोटात गेली की घशाला आग आणि पोटाची पार धुलाई. तिला वास म्हणून नसतो, त्यामुळे वेखंड काढणारे तिला ‘मुकं’ म्हणतात. पानं आहेत तोवर काही अडत नाही. वेखंडाच्या पानाची एक कड चुणीदार असते आणि मुक्याच्या दोन्ही कडा सरळ. पण पानं छाटून मुळ्या वाळवल्या की दोघं जुळे भाऊ! वर पुन्हा एकाच पोत्यात पडलं की मुकं अंगावर वेखंडाचाच वास लेवून बसतं. म्हणून रीत अशी, की एकेक कांडी मोडायची आणि मोडीला नाक लावायचं.

आणि आठ महिन्यांपूर्वी तापातून उठल्यावर मावशीचं नाकच गेलं.

सुरुवातीला तिला वाटलं, सर्दी आहे, जाईल. सर्दी गेली, वास आला नाही. कांदा, साबण, रॉकेल, जळलेलं दूध, सगळं एकजात पाण्यासारखं. तिने कोणाला सांगितलं नाही. सांगणार काय कपाळ? नाकवालीचं नाक गेलं, हा विनोद बाजाराने वर्षभर चघळला असता आणि माल घेणं दुसऱ्या दिवशीच बंद केलं असतं. मग तिने एक युक्ती काढली. सुनेला शेजारी बसवायचं, कांडी मोडून तिच्या नाकाशी धरायची आणि मास्तरणीच्या थाटात विचारायचं, "सांग बघू, हे काय?" सून बिचारी खूश, सासूबाई आपली विद्या देतायत म्हणून. तिचं नाकही तयार झालं चांगलं. आठ महिने असे बिनबोभाट निघाले.

मग सून आठ दिवस बहिणीकडे गेली, आणि नेमका त्याच आठवड्यात दुकानदाराने माल मागितला. मावशीने एकटीने कांड्या निवडल्या. रीतीप्रमाणे प्रत्येक मोडली, प्रत्येक नाकाशी धरली, डोळेसुद्धा मिटले. नाटक बघायला घरात कोणी नव्हतं, तरी केलं. मोडीचा रंग बघितला, बोटाने दाबून बघितलं, आणि मनाला म्हणाली, तीस वर्षांचा हात आहे, डोळ्यांनाही कळतं की.

सून परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती परसात साचलेली, या खेपेची छाटलेली पानं टोपलीत भरत होती, टोमॅटोच्या वाफ्यात पसरायला. भरता भरता थांबली.

"अहो आई, हे बघा. हे पान वेखंडाचं नाही हो."

मावशी दारात दात घासत होती. तिने पान हातात घेतलं. दोन्ही कडा सरळ. टोपलीत हात घातला तर आणखी तसलीच. पाच-सहा मुळ्यांची तरी असतील.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "बाजूला काढलंय मी ते."

"कुठंय? दिसलं नाही मला."

"फेकलं गं बाई! सगळं काय तुला विचारून करू?"

मावशीने चूळ भरली, पदर खोचला आणि चहा न घेता घराबाहेर पडली. माल दुकानात जाऊन दोन दिवस झाले होते. दोन दिवसांत पोतं उघडलं नसेल, देवा, उघडलं नसेल, असं पुटपुटत ती चालत होती, आणि वाटेत कोणी हाक मारली तर हात हलवत होती, जणू काही झालंच नाही.

दुकान म्हणजे जमिनीपासून छतापर्यंत नुसते खणच खण. प्रत्येकावर चिठ्ठी, चिठ्ठीवर दुकानदाराचं गिचमिड अक्षर, जे त्याचं त्यालाही वाचता येत नसे. शिडीवर उभा राहून तो वरच्या खणात हात घालून काहीतरी शोधत होता.

"या मावशी! एवढ्या सकाळी? आज दलदल ओस पडली वाटतं."

"भाऊ, ते मंगळवारचं पोतं द्या परत. थोडं ओलसर राहिलंय. बुरशी धरेल."

"ओलसर? मला तर खणखणीत वाटलं." तो खाली उतरला. "बाकी मी कुठे बघतोय म्हणा. तुमच्या मालाला मी हुंगतसुद्धा नाही. इतरांचा माल तीनदा बघतो, तुमचा थेट खणात."

ते ऐकून एरवी तिला मूठभर मांस चढलं असतं. आज तिने त्याला मध्येच तोडलं.

"उघडलंय का पोतं?"

"उघडलं ना. दोन कांड्या गेल्या फक्त. शिवणवालीला दिल्या. तिच्या पोरीचं पोट दुखत होतं, तुम्हीच सांगितलंत म्हणाली."

सांगितलं होतं. मंगळवारी सकाळीच रस्त्यात शिवणवाली भेटली होती, काखेत दोन वर्षांची पोर, पोर किरकिरतेय. आणि मावशीने उभ्या उभ्या सल्ला दिला होता, जसा ती सगळ्यांना द्यायची. वेखंड उगाळ, मधातून चाटव. गुण नाही आला तर पुन्हा दे. भिऊ नकोस, बाधत नाही ते.

दुकानदाराने पोतं तिच्यासमोर आणून ठेवलं. वर सुतळीची गाठ सैल बांधलेली. मावशी पोत्याकडे बघत राहिली. आता हे पोतं उचलायचं, घरी न्यायचं, सुनेच्या नाकाखालून एकेक कांडी घालायची, मुकं चुलीत टाकायचं, उद्या पोतं परत. कोणाच्या बापाला कळणार नाही. शेकडो कांड्यांत पाच-सहा मुकी. शिवणवालीच्या वाट्याला नेमक्या त्याच आल्या असतील कशावरून?

"मावशी, बरं नाही का? घामाघूम झालात."

"पोतं राहू दे इथेच," ती म्हणाली. "कोणाला एक कांडी देऊ नका. शपथ आहे माझी."

आणि ती निघाली. मागून दुकानदार हाका मारत होता, कारण ती चपला तिथेच विसरली होती.

शिवणवाली राहायची ती एकच खोली, खालच्या मजल्यावर, रस्त्याला लागून. दार नुसतं लोटलेलं. आत शिवणयंत्राच्या सुईखाली अर्धी शिवलेली बाही तशीच अडकलेली, दिवा चालूच. जमिनीवर बादली, बादलीत पोरीचे कपडे. खिडकीच्या कट्ट्यावर सहाण, सहाणेवर वाळून तडकलेला मातकट लेप आणि शेजारी मधाने चिकट झालेला चमचा. मावशीने सहाण उचलली, नाकाला लावली, पुन्हा लावली. काही नाही. अरे, सवयीचं काय करायचं? जे नाही ते नाकाला लावून बघते बाई!

"दवाखान्यात नेलं तिला," बाजूच्या इस्त्रीवाल्याने दारातून सांगितलं. "पहाटेपासून उलट्या. थांबेचनात. शेवटी तर पोरीने मान टाकली, तेव्हा मीच म्हटलं, पळ."

"मान टाकली?"

"जीव होता हो. पण डोळे असे वर."

मावशी भिंतीला टेकली. तिच्या मनात जे आलं ते चांगलं नव्हतं, पण आलं. डॉक्टर विचारतील काय दिलं, शिवणवाली सांगेल वेखंड. वेखंडाने कोणाचं काही बिघडत नाही हे अख्ख्या बाजाराला ठाऊक. मग शिळं खाल्लं असेल, पाणी वाईट असेल, काहीही निघेल. तिचं नाव येणारच नाही. फक्त इथून घरी जायचं आणि गप्प बसायचं. आणि डॉक्टर मात्र अंधारात चाचपडत राहणार, पोटात काय आहे हे न कळता. पोर दोन वर्षांची! मावशीने स्वतःला एक सणसणीत शिवी हासडली, ती इथे लिहिता येत नाही, आणि अनवाणी पायांनी दवाखान्याकडे धावत सुटली.

दवाखान्यात लांब बाक, त्यावर खोकणारी माणसं, आणि पडद्यामागे ती पोर. हाताला नळी लावलेली. ओठ सुकलेले, चेहरा कागदासारखा. एवढ्याशा खाटेवरसुद्धा ती केवढीशी दिसत होती. शिवणवाली तिचा पाय धरून बसली होती. मावशीला बघताच तिला रडू फुटलं.

"आल्या बघा मावशी! बाई, यांनाच विचारा. वेखंड यांचंच आहे. मी डॉक्टरीणबाईंना केव्हाची सांगतेय, यांच्या हातचं कधी बाधत नाही."

डॉक्टरीणबाई तरुण होती, झोप न झालेली, आवाजात साखर अजिबात नाही. "तुम्ही देता ना हे? मग नीट सांगा. हिच्या पोटात नक्की काय गेलंय?"

पडदा सरकला आणि दुकानदार आत आला. हातात मावशीच्या चपला. आता अख्खा बाजार जणू त्या पडद्याआड मावला होता. मावशीने बाईकडे बघितलं नाही, शिवणवालीकडे बघितलं नाही, नळीतून टपटपणाऱ्या थेंबांकडे बघत बोलली.

"वेखंड नसेल ते. मुकं असेल. त्याच्यासारखंच दिसतं, पण विषारी. वासाने ओळखतात. आणि मला वास येत नाही. आठ महिने झाले, सून हुंगून निवडते; हे पोतं मात्र मी एकटीने निवडलं. माझं नाक गेलंय."

बाकावरच्या दोघा-तिघांनी माना वळवून पडद्याकडे बघितलं.

"आठ महिने?" दुकानदार म्हणाला.

शिवणवालीने पोरीचा पाय सोडला आणि ती उभी राहिली. "ठाऊक असून दिलंत? माझ्या पोरीला? परवा रस्त्यात तिच्या गालाला हात लावून सांगितलंत, भिऊ नकोस म्हणून!"

"मला मार," मावशी म्हणाली. "पण आधी हिला वाचवा."

"मारामारी नंतर," डॉक्टरीणबाई म्हणाली. "उगाळलेल्या कांडीचा तुकडा उरलाय का?"

उरला होता. शिवणवालीने पहाटे पळताना रुमालात बांधून आणला होता, उगाळून झिजलेला, बोटाच्या पेराएवढा. डॉक्टरीणबाईने तो मधोमध मोडला आणि नाकाशी नेला. मावशी तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. तीस वर्षं लोक तिच्या चेहऱ्याकडे असे बघत आले होते, तेव्हा त्यांना काय वाटत असेल ते तिला आज कळलं.

"वास येतोय की," बाई म्हणाली. "चांगला झणझणीत येतोय. बघा तुम्ही."

दुकानदाराने तुकडा घेतला, हुंगला, पुन्हा हुंगला. "अहो, अस्सल आहे! वेखंडच आहे हे. नंबर एक." त्याने तो शिवणवालीच्या नाकाशी धरला, तिनेही मान हलवली. "मावशी, सुटलात! मुकं नाही हे!"

मावशी मटकन खाली बसली. हसू आणि रडू एकदमच आलं. "देवा रे," ती म्हणाली, "देवा रे, वाचवलंस." तिच्या हातून काही वाईट झालं नव्हतं. शिळं खाल्लं असेल पोरीने. पाणी वाईट असेल.

डॉक्टरीणबाई मात्र हसत नव्हती. तिने तुकडा कागदात गुंडाळला. "किती दिलंत हे?"

"मावशींनी सांगितलं तसंच," शिवणवाली म्हणाली. "उगाळून चमचाभर, मधातून. गुण येईना म्हणून पुन्हा. काल दिवसभरात पाच वेळा झालं असेल."

"मग ह्यानेच झालंय."

"काहीतरीच!" मावशी ताडकन उठली. "अहो बाई, अस्सल आहे ते! तीस वर्षं देतेय मी. शेकडो पोरांना दिलंय. वेखंडाने एकाला काही झालेलं नाही!"

"अस्सल आहे म्हणूनच झालं. कपड्यांत ठेवा, किडा लागणार नाही. डोक्याला लावा, उवा मरतील. पण किड्याला मारतं ते एवढ्याशा पोटात काय करेल? उलट्या सुरू झाल्या की थांबत नाहीत. अशी दोन पोरं मी याआधी पाहिलीत, त्यांनाही असंच मधातून चाटवलं होतं."

"मग मला कोणी कधी सांगितलं कसं नाही? कोणी तक्रार नाही केली!"

"पोर ओकलं की त्याची आई येऊन काहीच म्हणायची नाही तुम्हाला?"

म्हणायच्या की. कितीतरी जणी यायच्या, काळजीने विचारायच्या, मावशी, पोर ओकलं हो दोनदा. आणि ती हसून सांगायची, चांगलं झालं, पोटातली घाण पडली, औषध लागू पडलं. त्या निर्धास्त होऊन जायच्या आणि घरी जाऊन आणखी एक चाटण द्यायच्या. किती जणी? तिने कधी मोजलं नव्हतं. नाक शाबूत होतं, तेव्हाही ती हेच सांगत होती. रडूसुद्धा येईना मावशीला, नुसती लाज वाटली, अंगभर.

दुपार उलटली तेव्हा पोरीने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. डॉक्टरीणबाईने चमच्याने दिलं, ते पोटात राहिलं. दुसरा चमचाही राहिला. "आता भीती नाही," ती म्हणाली. शिवणवालीने पोरीच्या केसांत तोंड खुपसलं.

मग मान वर न करता तिने विचारलं, "मावशी, तुम्हाला हे खरंच ठाऊक नव्हतं?"

"नव्हतं गं. पण कोणी सांगितलं असतं ना, तरी मी ऐकलं नसतं."

माफ केलं असं शिवणवाली म्हणाली नाही, आणि मावशीने मागितलंही नाही.

बाहेर दुकानदार वाट बघत होता. त्याने चपला तिच्यापुढे ठेवल्या आणि आवाज खाली केला. "झालं गेलं विसरा. पोर वाचली, माल अस्सल निघाला. नाकाचं मी कोणापुढे बोलणार नाही. बाकावरचे दोघं-तिघं बाहेरगावचे होते, त्यांना काय पडलंय? सून आहे ना हुंगायला? पोतं तिच्याकडून निवडून घ्या, पुढचं पुढे."

म्हणजे सगळं जसंच्या तसं. नाव, मान, बाजार. मावशीने एक चप्पल घातली, दुसरी घालता घालता थांबली.

"भाऊ, गेल्या महिन्यात वेखंड कोणाकोणाला दिलंत? घरात लहान पोर आहे अशी."

"अहो, ते आधीचं पोतं. त्यात मुकं नव्हतं, सुनेनं निवडलेलं."

"म्हणूनच विचारतेय. आठवा."

"लोकांना काय सांगणार? तीस वर्षं चुकीचं सांगितलं म्हणून? हसतील नाहीतर जोड्याने मारतील."

"मारू देत. आठवा म्हणते ना!"

त्याने कुरकुरत बोटांवर पाच घरं सांगितली. पहिलं घर दोन गल्ल्यांपलीकडे होतं, सायकल दुरुस्त करणाऱ्याचं. त्याची बायको दारातच बसली होती, मांडीवर चार महिन्यांचं बाळ आणि समोर सहाण. तिच्या बोटाला ओला लेप लागलेला.

"थांब!" मावशी रस्त्यातूनच ओरडली. "चाटवू नकोस!"

बाई दचकली, मग हसली. "अहो मावशी, तुम्हीच होय! किती घाबरवलंत. तुमचंच वेखंड आहे, दुसऱ्या कोणाचं नाही. अगदी अस्सल. बघा ना." आणि तिने कौतुकाने ती ओली कांडी मावशीच्या नाकाशी धरली.

शेजारच्या दारात दोघी उभ्या होत्या. सायकलवाला चाक हातात धरून बघत होता. मावशीने तिचा हात खाली केला.

"मला वास येत नाही बाई," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "माझं नाक गेलंय. आणि अस्सल आहे म्हणूनच सांगतेय, बाळाच्या तोंडात घालू नकोस."